होल्स्टर सैल करण्याचा नागपुरी उपाय

पूर्ण जबाबदारीनं, कुणाच्याही दबावाला बळी न पडता आणि घरातल्या एकाही वडीलधाऱ्याची परवानगी न घेता मी आज जाहीर करते की, आमच्या घराण्याचं एकमेव शस्त्र एकदा अख्खी रात्र जावयाच्या आंघोळीच्या घंगाळात बुडून होतं. ज्यांना हे आधीच ठाऊक आहे त्यांनी, म्हणजे आर्वीच्या निम्म्या बाजारानं, कृपा करून गप्प बसावं आणि मला नीट सांगू द्यावं.

माझं माहेर पवनारचं. धाम नदीच्या काठाला आमचं वांग्यांचं आणि मेथीचं वावर, आणि गावात आश्रम. तोवर मी शस्त्र म्हणून विळाच पाहिला होता, तोही मेथी कापताना. नव्वदच्या दशकात लग्न होऊन आर्वीला आले, ती थेट परवान्याचं रिव्हॉल्व्हर असलेल्या घरात. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई. मामाजींची बाजारात सोयाबीन-तुरीची अडत होती. ओळखीच्या एका व्यापाऱ्याला कुणीतरी रस्त्यात अडवून लुटलं, तेव्हा घाबरून त्यांनी परवाना काढला. ते रिव्हॉल्व्हर त्यांनी कधी चालवलं नाही. चालवायचं तर आधी सापडायला हवं होतं ना!

कारण ते राहायचं एका हिरव्या कापडी पिशवीत. आत्याबाईंनी शिवलेल्या. त्याच पिशवीत सुपारी, अडकित्ता, दुकानाच्या किल्ल्या आणि डोळ्यांत घालायचे थेंब. एकदा मामाजी एका कास्तकाराचं सोयाबीन पाहत होते. त्याला सुपारी द्यावी म्हणून त्यांनी न बघता पिशवीत हात घातला आणि अडकित्त्याऐवजी रिव्हॉल्व्हर बाहेर काढलं. त्या माणसानं दोन्ही हात वर केले आणि म्हणाला, "शेटजी, माल पटत नसन तं तसं सांगा ना!"

हे शेजारच्या दुकानातल्या शेठनं पाहिलं. हा शेठ मामाजींचा लहानपणापासूनचा दोस्त, त्यामुळे अख्ख्या बाजारात सगळ्यात धोकादायक माणूस. त्यानं त्याच दिवशी मामाजींचं बारसं करून टाकलं: पिशवीवाले ठाणेदार. तेव्हापासून रोज सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की पलीकडून आवाज यायचा, "काय ठानेदार, आज पिशवीत काय हाय? मेथी का सांभार?" सांभार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर.

मामाजी वरवर हसायचे. पण संध्याकाळी घरी आल्यावर पिशवी खुंटीला अडकवताना तिच्याकडे असे बघायचे, की मला त्या पिशवीची दया यायची. मोठा रुबाबदार माणूस. पांढरा सदरा, पिळदार मिशी, आवाज असा की पोती आपोआप सरळ उभी राहावीत. अशा माणसाला साऱ्या बाजारानं पिशवीवाला म्हणावं, हे त्यांना आतून लागलं होतं. 

म्हणून त्यांनी एक बेत केला. दसऱ्याला दुकानात काटा, मापं आणि शस्त्र यांची पूजा असायची, आजूबाजूचे सगळे दुकानदार त्या पूजेला यायचे. त्या दिवशी कमरेच्या चामडी होल्स्टरमधून, सगळ्यांसमोर, एका झटक्यात रिव्हॉल्व्हर काढायचं आणि पाटावर ठेवायचं. "लोकायनं एक डाव पाह्यलं ना," ते म्हणाले, "का मंग पिशवीचं नाव नाई काढत कोनी."

होल्स्टर नागपूरला मुद्दाम बनवायला टाकलं. दसरा दोन दिवसांवर आला तेव्हा ते ओळखीच्या कंडक्टरच्या हाती एसटीनं आलं. आमच्या भागात प्लास्टिकच्या पिशवीला पन्नी म्हणतात, तशा एका जाडजूड पन्नीत ते गुंडाळलेलं होतं. पन्नी उघडली आणि कोऱ्या चामड्याचा वास घरभर पसरला. गडद तपकिरी रंग, पांढरी शिलाई, वर पितळी बटन. आत्याबाईंनी आधी पन्नी ताब्यात घेतली, तिची घडी घातली आणि गादीखाली ठेवून दिली. चांगली पन्नी त्या कधी टाकत नसत. मग त्यांनी होल्स्टरकडे पाहिलं आणि विचारलं, "हे एकाच पायाचं काऊन पाठवलं?"

त्या शेवटपर्यंत त्याला जोडाच म्हणत राहिल्या.

मामाजींनी गोळ्या काढून आत्याबाईंच्या हाती दिल्या, आत्याबाईंनी त्या लुगड्यांच्या घडीत ठेवून कपाटाला कुलूप लावलं, आणि मग आमच्या अंगणात तो सोहळा झाला. रिव्हॉल्व्हर निम्मं आत गेलं आणि थांबलं. मामाजींनी जोर लावला, आणखी थोडं गेलं. बाहेर मात्र येईना. शेवटी होल्स्टर आमच्या ह्यांनी धरलं, मूठ मामाजींनी धरली, आणि बापलेक अंगणभर एकमेकांना ओढत फिरले. सुटलं तेव्हा हे तुळशीपाशी जाऊन बसले.

"नवा जोडा असाच चावते," आत्याबाई शांतपणे म्हणाल्या. "एरंडीचं तेल पाजा त्याले. दोन दिवसात पाय मोकळा होते."

"हे वहान हाय का?" मामाजी तडकले. "ज्यानं बनवलं त्यालेच इचारतो."

फोन दुकानात होता, पण दुकानातून केला असता तर भिंतीपलीकडे शेठचे कान होते. म्हणून मामाजी एसटी डेपोजवळच्या एसटीडी बूथवर निघाले. मला भाजी घ्यायची होती, मीही बरोबर गेले. बूथ म्हणजे काचेचं कपाट. त्यात मामाजी मावले, पण त्यांचा आवाज मावला नाही. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता, अलीकडे मागे-पुढे होणाऱ्या गाड्यांचे हॉर्न, कंडक्टरच्या शिट्ट्या. मी बाहेर उभी राहून सगळं नाटक पाहत होते.

"हां! बहोत टाइट हैऽ! बंदूक निकलती नहीं!"

फलाटावरचे चार लोक दचकून वळले.

"क्या? पानी में?... हां, पानी में!... लपेट के?" इथं त्यांच्या कपाळाला आठी पडली. "लपेट के?... अच्छा, अच्छा. अंदर ठूस के, रातभर. हां, समझ गया!"

बाहेर आले ते लढाई जिंकल्यासारखे. "बंदूक अंदर टाकून रातभर पान्यात ठेवाचं. बस. कारागीर मानूस, एका वाक्यात मोकळा झाला." वाटेत भाजीबाजारात थांबलो. मी मेथी निवडत होते आणि ते बाजूला उभे राहून हवेत हात गोल गोल फिरवत होते. मी विचारलं, "काय झालं मामाजी?" तर म्हणाले, "काई नाई. तू भाजी पाहा."

घरी आत्याबाईंनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "अजी, बंदूक पान्यात घातली तं जंगन ना थे!"

"बनवनारा सांगून राह्यला. तुले त्याच्याहून जास्त समजते?"

"मले जोड्यातलं समजते."

तेव्हा मग ते तांब्याचं घंगाळ बाहेर आलं. ते वर्षातून एकदा, दिवाळीला जावई आले की त्यांच्या आंघोळीसाठी निघायचं. मामाजींनी ते काठोकाठ भरलं, रिव्हॉल्व्हर पुन्हा निम्मं होल्स्टरमध्ये कोंबून होल्स्टरसकट आत सोडलं आणि नंतर एक चमत्कारिक गोष्ट केली. हात घालून ते सगळं पाण्यात गोल गोल फिरवलं, सावकाश, एखाद्या बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसं. मला वाटलं, असेल काहीतरी कारागिरीचं. आत्याबाई मागून पुटपुटल्या, "आता अंगाले उटनं बी लावता का त्याच्या?"

आणि सकाळी, ऐका, उपाय लागू पडला! रात्रभर पाणी पिऊन चामडं इतकं मऊ झालं होतं की रिव्हॉल्व्हर गपकन आत बसलं आणि चपकन बाहेर आलं. मामाजींनी कमरेला पट्टा बांधला, भिंतीवरच्या आरशासमोर उभे राहिले आणि काढू लागले, ठेवू लागले. पायावर पाणी ठिबकत होतं, त्याचं त्यांना भान नव्हतं. त्या सकाळी घरात छान शांतता होती. मी दारासाठी झेंडूची माळ ओवत बसले होते, आत्याबाई तांदूळ निवडत होत्या, आणि आतून तो आवाज येत होता: गप, चप, गप, चप. मधूनच आरशातल्या कुणालातरी मामाजी म्हणत, "बोल, आता कोन पिशवीवाला?" मी लग्न होऊन आल्यापासून त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

मग वाळवायचा प्रश्न आला. मामाजींनी विचार केला की चामड्यानं रिव्हॉल्व्हरचा आकार धरायला हवा, म्हणजे ते आत ठेवूनच वाळवलं पाहिजे. गच्चीवर दिवसभर आश्विनातलं ऊन होतं. आमच्याकडचं हे ऊन पापड कडक करतं, कुरड्या कडक करतं. त्यानं होल्स्टरही कडक केलं. संध्याकाळी खाली आणलं तेव्हा ते नारळाच्या करवंटीसारखं वाजत होतं आणि त्यानं रिव्हॉल्व्हरला असं आवळून धरलं होतं की जणू दोन्ही एकाच आईच्या पोटातून आले असावेत.

उद्या दसरा.

आधी हळूच ओढून पाहिलं. मग जोरात. मग बापलेकांची तीच अंगणातली फेरी झाली, या वेळी तुळशीपाशी मामाजी बसले. ह्यांनी सुचवलं, शिलाई उसवू. आत्याबाई विळी घेऊनच आल्या. मामाजींनी होल्स्टर छातीशी धरलं. "उसवलं तं मी उद्या कमरीले काय बांधू? पिशवी?" शेवटी त्यांनी मान खाली घालून आत्याबाईंना म्हटलं, "कुठी हाय तुहं एरंडीचं तेल?" आत्याबाईंनी अख्खी बाटली पाजली. तरीही ते हललं नाही. 

दसऱ्याला सकाळी आम्ही सगळे दुकानात. पाटावर काट्याला झेंडूचा हार, मापांवर कुंकू, बाजूला आपट्याची पानं. मध्ये शस्त्रासाठी मोकळी जागा. मामाजींच्या कमरेला ते होल्स्टर तेलानं असं चमकत होतं की लोकांची नजर आधी तिथंच जात होती. शेजारचा शेठ पहिल्या रांगेत. "वा ठानेदार! पिशवी कुठी गेली आज?"

"गेली," मामाजी म्हणाले. एवढंच. पण मी पाहिलं, त्यांच्या कपाळावर घाम होता.

पूजा सांगणारे महाराज म्हणाले, "आता शस्त्र ठेवा."

मामाजींनी मुठीवर हात ठेवला आणि ओढलं. रिव्हॉल्व्हर वर आलं, त्याच्याबरोबर होल्स्टर वर आलं, होल्स्टरबरोबर पट्टा आणि पट्ट्याबरोबर पायजमा. मामाजी स्वतःच चवड्यांवर उभे राहिले. क्षणभर असं वाटलं की आता ते स्वतःला उचलून पाटावर ठेवणार. आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. शेठचे ओठ हलू लागले.

आणि इथं मी त्या माणसाला मानलं. मामाजी खाली टेकले. शांतपणे पट्टा सोडला आणि होल्स्टर जसंच्या तसं, बटन लावून, पाटावर ठेवलं. मग सगळ्यांकडे पाहून म्हणाले, "सनाचा दिवस हाय. शस्त्र म्यानातच शोभते. लोकायच्या पुढं नंगं काऊन कराचं?"

काय सांगू! सगळ्यांनी माना डोलावल्या. महाराज म्हणाले, "बरोबर आहे." शेठचं तोंड उघडलं होतं, ते त्यानं तसंच मिटलं. मामाजींच्या मिशीला पीळ परत आला. पिशवी मेली होती, निदान तेवढा वेळ.

महाराजांनी पळीभर पाणी घेतलं आणि शस्त्रावर शिंपडायला हात पुढे केला. त्या पाण्याकडे बघून आत्याबाईंचा तोल गेला.

"महाराज, पानी नोका टाकू! परवा रातभर बुडूनच होतं थे!"

पळी वरच्या वर थांबली. शेठ हळूच पुढे सरकला. "बुडून? काऊन जी भाऊ, बंदुकीले आंघोळ घातली का?"

आता लपवायचं काय राहिलं? मामाजी ताठ उभे राहिले. "ढिल्लं कराचं होतं. नागपूरवाल्यानं फोनवर सोता सांगतलं मले. बंदूक पानी में लपेट के अंदर ठूसो, रातभर रखो."

शेठ विचारात पडला. चेष्टा करायचंही विसरला. ओठांतल्या ओठांत त्यानं ते वाक्य म्हणून पाहिलं, पुन्हा म्हणून पाहिलं.

"भाऊ," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "थो पन्नी म्हनला असन. पन्नी में लपेट के."

आत्याबाईंच्या डोळ्यांसमोर काय आलं ते मला दिसलं: गादीखालची ती घडी. मी मामाजींकडे पाहिलं. वाटलं, झालं, आता हा माणूस या बाजारात पुन्हा कधी मान वर करणार नाही. पण त्यांचा चेहरा पडत नव्हता. तो उजळत चालला होता, दोन दिवस दातात अडकलेलं काहीतरी अखेर निघावं तसा. त्यांनी मांडीवर जोरात थाप मारली आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले:

"तरीच तं! मी परवापासून हाच इचार करून राह्यलो, का पानी लपेटाचं कसं!"