गेम हँग होतो, येऊन जा

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात बिघाड निघून जातात, किस्से मात्र साठत जातात. नव्वदच्या दशकात जळगावात माझं आणि सुनीलचं छोटंसं दुकान होतं. लोक कॉम्प्युटर घ्यायचे 'मुलांच्या अभ्यासासाठी' आणि तक्रार आणायचे 'गेम नीट चालत नाही' अशी. रॅम वाढव, साउंड कार्ड बसव, निम्मं काम हेच. त्यातल्या काही घरांत काय पाहिलं ते सुनील अजून बायकोला सांगत नाही. मी तुम्हाला सांगतो.

*

भुसावळच्या रेल्वे कॉलनीत एका मालगाडीच्या गार्डचं घर. गाडी जवळ आली की मॉनिटरवरचं चित्र थरथरायचं, गेममधली कार रस्त्यासकट वाकडी व्हायची. इलेक्ट्रिक इंजिनामुळे होतं तसं. मी म्हणालो, "वहिनी, मॉनिटर आतल्या भिंतीला घेऊ."

"राहू द्या भाऊ. तो हलला की मी कुकर लावते. ह्यांची गाडी आली समजायचं."

मी तिथे असतानाच चित्र जोरात हललं. वहिनींनी कुकर लावला. पण त्या दिवशी लाइन कामासाठी बंद होती, एकही गाडी धावत नव्हती. हे मी त्यांना सांगणार, एवढ्यात गार्डसाहेब दारात. कुणाच्या तरी जीपमधून आले होते.

*

भडगावच्या एका डॉक्टरांचा फोन आला. "गेम मधेच हँग होतो, आणि आतून सळसळ ऐकू येते."

"पंखा घासत असेल," सुनील म्हणाला.

कॅबिनेट उघडलं. पंख्यात सापाची कात अडकलेली, मऊ, ताजी. मागची एक पट्टी निघालेली होती, थंडीत ऊब बघून साप तिथून शिरला असणार. आम्ही काठीने कोपरान्‌कोपरा तपासला, आत काही नव्हतं. कात काढली, फट बंद केली, स्क्रू घट्ट आवळले.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांचा पुन्हा फोन. "गेम मस्त चालतोय. सळसळ मात्र अजून येते."

कुणी जायचं, यावर आमचं भांडण झालं.

*

नरडाण्याला एका कारखान्यातल्या सुपरवायझरकडे गेमच्या आवाजात मधेच माणूस बोलायचा. गेम बंद केला तरी स्पीकरमधून खरखरत बोलणं चालूच. स्पीकरची वायर साधी होती, ती जवळपासचा कुठला तरी वायरलेस पकडत असावी. मी चांगली वायर टाकली, आवाज गेला.

सुपरवायझरचे वडील, आबा, कोपऱ्यात बसले होते. म्हणाले, "तो कोठे ग्या?"

"आबा, तो वायरलेस होता. दुसरीकडचं बोलणं इथे ऐकू यायचं."

आबांनी जरा विचार केला. "पण तो माले नाव लिसनी हाक मारे."

आबांना नाव घेऊन हाक? मी हसून त्यांच्या मुलाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

"आम्हीपण ऐकलंय," तो म्हणाला.

*

धुळ्याचे नाना म्हणजे निवृत्त तलाठी. त्यांची तक्रार अशी, "बुद्धिबळाचा गेम फार हळू झालाय. एकेका चालीला विचार करत बसतो."

मशीन जळगावला आणलं तर झटपट खेळायला लागलं. परत नेऊन लावलं की पुन्हा मंद. वायरिंग, अर्थिंग, व्होल्टेज, सगळं तपासलं. शेवटी दुकानातलं दुसरं मशीन त्यांच्या टेबलावर लावलं. तेही तसंच अडखळायला लागलं.

"भिकाभाऊ गेल्यापासून असं होतंय," नाना सहज बोलून गेले. भिकाभाऊ म्हणजे समोरच्या घरातले त्यांचे मित्र. रोज दुपारी दोघं पट मांडून बसायचे.

मी खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. म्हणालो, "नाना, तुम्ही एक डाव खेळा, मी बघतो."

नाना बसले. डाव रंगला आणि त्यांची नजर चुकली. वजीर थेट उंटाच्या तोंडी दिला. मशीनने तो लगेच मारायला हवा होता. पण पडद्यावर काहीच हलेना. नानांचे हात मांडीवर होते, मी त्यांच्या मागे उभा.

मग वजीर आपोआप मागे सरकला आणि जिथून निघाला होता त्या घरात जाऊन बसला.

नानांनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. ते पडद्याकडेच बघत होते.

"राहू दे, भिकाभाऊ," ते हळूच म्हणाले. "खेळलो ते खेळलो."

आणि त्यांनी तीच चाल पुन्हा केली.