बोलू नका, दिसेल

रस्त्यानं चालता चालता त्या मध्येच थबकायच्या आणि उजवा हात मागे करून तळवा उघडायच्या. मागून येणाऱ्यानं जागच्या जागी उभं राहायचं, असा त्याचा अर्थ. सवय जंगलातली, पण हैदराबादच्या बेगम बाजारातही ती सुटायची नाही. सुक्या मिरच्यांच्या पोत्यांमधून वाट काढताना मी दोनदा त्यांच्या पाठीवर आदळले आहे. एकदा गटारीच्या कडेला मुंगूस होतं. दुसऱ्यांदा काहीच नव्हतं.

"होतं," त्या म्हणाल्या. "तुझी पिशवी वाजली."

कोठीच्या एका सरकारी ऑफिसात त्या माझ्या वरच्या जागेवर होत्या. राहायला दोघी नल्लकुंट्यात, गल्ली तेवढी वेगळी. बाकीचे त्यांना मॅडम म्हणत, मी ताई. तुमच्याही ऑफिसात अशी एखादी बाई असेल बघा, डबा एकटीनं खाणारी, वाढदिवसाच्या केकला न उठणारी. लोक तिला आखडू म्हणतात. आम्हीही म्हणायचो. मग एक दिवस त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "चार-पाच दिवस चालशील का गं? पाय चांगले दिसतात तुझे."

नल्लमलाच्या डोंगरांतून श्रीशैलमकडे यात्रेकरूंची एक जुनी पायवाट जाते. यात्रेच्या दिवसांत ती देवाच्या नावानं नुसती दणाणत असते. ताई यात्रा आटोपल्यावर जायच्या, परवानगी काढून, पाच-सहा जणांना जमवून. देवाशी त्यांना काही घेणं नव्हतं. त्या बौद्ध. वाट संपून देवळापाशी पोचलो की बाकीचे दर्शनाला जायचे आणि ताई बाहेर पाय सोडून चहा पीत बसायच्या.

निघण्याआधी आमची झडती व्हायची. बांगड्या उतरवा, पावडर लावू नका, तो लाल दुपट्टा घरी ठेवा. चिप्सची पाकिटं कुरकुरतात म्हणून आतला खाऊ कापडी पिशवीत ओतायला लावायच्या आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडलेले चिप्स स्वतःच चवीनं खायच्या. वाटेत कुणी तोंड उघडलं की हलक्या आवाजात ठरलेलं वाक्य यायचं, "बोलू नका, दिसेल." ऑफिसातल्या तेलुगू लोकांनाही तेवढं मराठी पाठ झालं होतं. साहेब येताना दिसले की आमचा श्रीनिवास फायलीत डोकं घालून हळूच म्हणायचा, "बोलू नका, दिसेल!"

जंगल सुरू होतं तिथं एक पाटी होती. तेलुगूत लिहिलेलं होतं, अस्वलांचा वावर आहे, मोठ्यानं बोलत चला. पहिल्या खेपेला ताईंनीच ती मला वाचून दाखवली आणि हसल्या. "हे यात्रेकरूंसाठी आहे."

त्यांना ही शांतता इतकी का हवी असे, ते मला पुढे कळलं. वडील परभणीकडचं गाव सोडून रेल्वेच्या नोकरीसाठी हैदराबादला आले. गौलीगुड्यात एका खोलीत नऊ माणसं, खाली भांड्यांचं दुकान. "अभ्यास संडासात बसून केला मी," त्या म्हणाल्या. "बाहेरून कुणी दार वाजवेपर्यंत. तिशी आली तेव्हा पहिल्यांदा या जंगलात आले. कुणी बोलत नव्हतं. मला रडूच आलं गं."

त्या पहिल्या खेपेला आम्ही अस्वल पाहिलं. कोरड्या ओढ्याच्या पलीकडे, पुरेसं लांब. ते वारूळ उकरून तोंड आत घालत होतं आणि सूं-सूं करून वाळवी ओढत होतं. तो आवाज एवढा मोठा असतो हे मला माहीत नव्हतं. आम्ही खडकावर पालथ्या पडून होतो. ताईंनी माझं मनगट धरलं होतं, आणि ते अस्वल निघून गेल्यावरही बराच वेळ सोडलं नाही. फोटो त्यांनी कधी काढला नाही. ऑफिसात आखडू म्हणवून घेणारी ही बाई त्या खडकावर पोरीसारखी दिसत होती.

पुढच्या एका वर्षी श्रीनिवासही जंगलात आला. ताईंच्याच विभागात होता. सतत काहीतरी गुणगुणणारा, स्वभावानं गरीब. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती. बायको लक्ष्मी पाठवायला तयार नव्हती, तर ताईंनी घरी जाऊन तिची समजूत घातली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटेत ताजं उकरलेलं वारूळ लागलं. ताईंनी तळवा दाखवला. मग त्या बाजूला झाल्या आणि श्रीनिवासला म्हणाल्या, "तू पुढे हो. पहिल्यांदा आलायस, पहिलं तुला दिसू दे." तो खूश झाला. चालायला लागला आणि सवयीनं गुणगुणायला लागला. ताईंनी मागून त्याच्या खांद्यावर बोट ठेवलं. "बोलू नका, दिसेल." तो गप्प झाला.

पुढे बांबूचं बेट होतं आणि त्याला वळसा घालून वाट उतरत होती. वळणावर अस्वलाची मादी होती. पाठीवर पिल्लू. तिला आमची चाहूलच नव्हती. हाताच्या अंतरावर माणूस पाहिल्यावर ती जे करणार तेच तिनं केलं. श्रीनिवास ओरडलासुद्धा नाही, तिनं थेट तोंडच धरलं. ओरडल्या त्या ताई. काठी घेऊन त्या तिच्या अंगावर धावून गेल्या, आणि बाईमाणसाच्या गळ्यातून एवढा आवाज निघतो हे मी तिथं ऐकलं. मादी वळली आणि पिल्लासकट बांबूत गेली.

त्याला चादरीत घालून आम्ही खाली आणलं. तो वाचला. एक डोळा गेला, जबडा मोडला तो नीट बसलाच नाही. आठवड्याभरानं कळलं की खालच्या वस्तीतल्या लोकांनी भीतीपोटी शेताच्या कडेला एक अस्वल मारलं. मादी. पिल्लाचा पत्ता नाही.

आणि इकडे ताईंचा सत्कार झाला. जिवावर उदार होऊन सहकाऱ्याला वाचवलं म्हणून. शाल, हार, तेलुगू चॅनलचा कॅमेरा. त्यांच्या हातात माइक दिला तेव्हा त्या म्हणाल्या, "तो गात होता. मी त्याला गप्प केलं. गाऊ दिलं असतं, तर तिला आधीच कळलं असतं. ती पिल्लाला घेऊन निघून गेली असती."

साहेबांनी माइक घेतला. "बघा, किती विनम्र आहेत मॅडम!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

ज्याला त्याला त्या हेच सांगत राहिल्या. ज्यानं त्यानं हेच म्हटलं, मॅडम, तुमची काय चूक? भाऊ नांदेडहून फोनवर तेच म्हणाला. डॉक्टर तेच म्हणाले. एका रविवारी मी त्यांच्याकडे गेले तर टीव्ही मोठ्यानं चालू होता आणि त्या त्याच्याकडे पाठ करून बसल्या होत्या.

"तू मागे होतीस ना?" त्यांनी विचारलं. "तू ऐकलंस?"

"हौ ताई."

"मग सांग ना."

मी म्हणाले, "तुम्हीच गप्प केलंत त्याला. पाटी वाचली होती तुम्ही."

त्यांनी डोळे मिटले. मग उठून चहा ठेवला. कितीतरी दिवसांनी त्यांना कुणाला चहा विचारावासा वाटला असेल. पण त्यानं काही बरं झालं असं मात्र नाही. मला वाटलं होतं होईल.

श्रीनिवासच्या घरी त्या दर आठवड्याला जायच्या. त्याचं बोलणं आता कुणाला कळत नसे. लक्ष्मीला तेवढं कळायचं, आणि ती पाहुण्यांना त्याचा शब्द न् शब्द पुन्हा सांगायची. ताई आल्या की आधी वाकून त्यांच्या पाया पडायची. तिच्या लेखी या बाईनं तिचं कुंकू राखलं होतं. ताईंना तेच सोसेना. एकदा माझ्यासमोरच त्यांनी तेलुगूत सगळं सरळ सांगून टाकलं. तू पुढे हो, हे मी म्हणाले. गप्प बस, हेही मीच म्हणाले. मला अस्वल बघायचं होतं.

श्रीनिवास काहीतरी बोलला आणि हातानं झटकल्यासारखं केलं. मला त्यातलं एवढंच कळलं, "वदिलेयंडी, मॅडम." जाऊ द्या, मॅडम. आणखीही बरंच काही बोलला. आम्ही दोघींनी लक्ष्मीकडे पाहिलं. ती शेंगा सोलत होती. त्या दिवशी तिनं त्याचं बोलणं आम्हाला सांगितलं नाही.

त्यानंतर ते दार ताईंसाठी उघडलं नाही.

त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली. नल्लकुंट्याचं घर रिकामं केलं आणि नांदेडला भावाकडे गेल्या. मी फोन करायची. घ्यायच्या, "बोल" म्हणायच्या, आणि मीच बोलत राहायची. कधी विचारलं, फिरायला जाता का, तर म्हणायच्या, "कुठं जाऊ?" जंगलाचं नाव मी काढलं नाही. त्यांनीही काढलं नाही. गेल्या थंडीत त्यांना ताप आला, मग न्यूमोनिया झाला. भाच्याचा फोन आला तेव्हा सगळं आटोपलं होतं.

ही बातमी फोनवर सांगायची नाही म्हणून मी दुपारी श्रीनिवासच्या घरी गेले. दार लक्ष्मीनं उघडलं. माझा चेहरा बघून तिनं आतलं दार लोटून घेतलं आणि बाहेरच्या खोलीतच मला बसवलं. मी सांगितलं. ती उभीच होती, मग खाली बसली.

"दो बार आए थे वो," ती म्हणाली. "मैं अंदरच थी. दरवाजा खोली नै मैं."

आत जायला मी उठले, तर तिनं माझा हात धरला.

"अब्बी नक्को बोलो उनकू," ती म्हणाली. "खाना हो जान दो."

त्याला जेवायला फार वेळ लागतो. भात कालवून अगदी पातळ करून द्यावा लागतो, आणि एकेक घास तो मान एका बाजूला कलवून गिळतो. लोटलेल्या दारातून ताटलीवर चमचा लागल्याचा आवाज येत होता, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा. आम्ही दोघी फरशीवर बसून त्याचं जेवण संपायची वाट पाहत राहिलो.