नाळ कशानं कापली?

नांद्याच्या सारजाबाई सुईणीची लेक जया पौडच्या दवाखान्यात आया होती. सुया उकळायच्या, फडकी धुवायची आणि डॉक्टरीणबाई काय करतात ते टक लावून बघायचं. बाईंनीच तिला अर्ज भरायला लावला. १९५७ साली सातवी पास झालेली जया पुण्याच्या एका इस्पितळात नर्सिंग शिकायला गेली. सकाळी वॉर्डात राबायचं, दुपारी वर्गात बसायचं.

दुसऱ्या वर्षी वॉर्डात आठ दिवसांचं एक मूल आणलं. तोंड उघडत नव्हतं. नुसता हात लागला तरी अंग ताठ होऊन मागे वाकायचं.

सिस्टरांनी बापाला विचारलं, "नाळ कशानं कापली?"

"इळ्यानं. वर शेण लावलं. आमच्यात लावत्यात."

"धनुर्वात," सिस्टर जयाला म्हणाल्या. "लिहून घे."

जयाने लिहून घेतलं. आईही विळ्यानंच कापायची. जयाच्या पाठचे दोन भाऊ आठवड्याच्या आत असेच आखडून गेले होते. सटवाईनं नेले, असं घरात म्हणत. मग गावातलं एकेक पोर तिच्या डोळ्यांपुढे येऊ लागलं. गेणबाचं, धोंडाबाईचं, वरच्या आळीतलं...

घरी वहिनीचे, रत्नाबाईचे, दिवस भरत आले होते. जयाने थोरल्या भावाला, जयसिंगला, पत्र टाकलं, 'आईला विळा लावू देऊ नकोस. नवं ब्लेड उकळून घ्या.' त्याने ते वाचलं आणि आईला वाईट वाटेल म्हणून कोनाड्यात ठेवून दिलं.

रजा मिळून जया नांद्याला पोचली, तेव्हा बाळ सहा दिवसांचं होतं. घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

"सकाळधरनं अंगावर पीत न्हाई," वहिनी म्हणाली.

जयाने बाळाच्या गालावर बोट ठेवलं. जबडा दगडासारखा लागला. तिने जयसिंगला गाडी जुंपायला लावली, पण पौड यायच्या आतच बाळ गेलं.

परत आल्यावर सारजाबाई म्हणाली, "सटवीचा डोळा हाय आपल्या घरावर."

"न्हाई आये. इळ्यानं झालं. शेणानं."

सारजाबाईने स्वतःच्या हातांकडे बघितलं.

"मंजी माजी दोन बी?"

जया बाळाची दुपटी गोळा करू लागली.

"बोल की. शिकलीस न्हवं?"

"व्हय."

त्या दिवसापासून सारजाबाईने कुणाची नाळ कापली नाही. बोलावणं आलं की दार लावून घ्यायची. लेकीनंच आईला सुईणपण सोडायला लावलं, असं गाव बोलू लागलं, आणि जया सुट्टीलाही घरी यायची बंद झाली.

१९६१ साली ती परीक्षा पास झाली, नर्स म्हणून नाव सरकारी रजिस्टरला लागलं, नेमणूक पौडलाच मिळाली. नांद्यात तिने केलेलं पहिलं बाळंतपण चंद्राबाईच्या सुनेचं होतं. सारजाबाई न बोलावता आली आणि उंबऱ्यापाशी थांबली.

"आत ये की, आये."

"हितनंच बघते."

पुढे रोज सकाळी ती त्या दारात जाऊन उभी राहायची आणि एवढंच विचारायची, "प्यालं का?" पोरं आखडायची तो आठवडा टळला, आठव्या दिवशी आतून बाळाचं जोरदार रडणं ऐकू आलं, तरी ती नवव्या दिवशीही गेली.