दोन लाख वेळा निजवलेली डिस्क

आमच्या रुंफी गावच्या रेडिओ स्टेशनात लुसुंगु चावुला यंत्रं सांभाळायचा आणि मी बोलायचो. सगळं स्टेशन छपरावरच्या चार सोलर पाट्यांवर चालायचं. संध्याकाळी मी मयतांची नावं वाचायला घेतली की नेमकी बॅटरी मान टाकायची. दुसऱ्या दिवशी बाजारात लोक मला धरायचे. "अरे, कोण गेलं तेवढं तरी सांगून बंद पडत जा!"

मग लुसुंगुने लिनक्सवाल्या कॉम्प्युटरला एक ओळ लिहून दिली. पाच सेकंद कुणी काही मागितलं नाही, की हार्ड डिस्कने फिरणं थांबवून झोपायचं. पडदा, पंखा, सगळ्यांनाच त्याने शिस्त लावली. बॅटरी टिकायला लागली आणि गावाने त्याला डोक्यावर घेतलं.

पण कॉम्प्युटर मिनिटा-दोन मिनिटांनी डिस्कवर काहीबाही टिपत असतो. डिस्क झोपायची, धडपडत उठायची, पुन्हा झोपायची. किती वेळा उठली हे ती स्वतःच मोजते, आणि पन्नासेक हजारांनंतर तिचा भरवसा धरू नये हे लुसुंगुला पक्कं ठाऊक होतं. आकडा लाखापुढे गेलेला मीही पाहिला.

"जरा सुखाने फिरू दे की तिला," मी म्हटलं.

"आणि बॅटरी गेली की शिव्या तू खाणार?"

शिव्या नकोत म्हणून मी विषय सोडला. त्याची लाज मला आजही वाटते.

त्याच डिस्कवर न्यामहांगो आजींचा आवाज होता. तीन दुपारी आंब्याखाली बसून त्यांनी घराण्याची अख्खी कहाणी लुसुंगुला सांगितली होती. दुसरी प्रत काढू काढू म्हणत राहून गेली आणि आजी वारल्या. वर्षाने त्यांच्या थडग्यावर दगड बसवायचा दिवस ठरला. तिथे आईचा आवाज ऐकवायचा म्हणून लेक तिवोंगे आठवडाभर आधी आली. त्या दिवशी डिस्क उठलीच नाही. आतून नुसती टकटक.

"वीज पडली, ताई," लुसुंगु म्हणाला. मी शेजारीच उभा होतो.

तिवोंगे खूप रडली. दुसऱ्या दिवशी कोंबडी घेऊन परत आली. "तू तरी काय करणार, भाऊ? आईचं बोलणं टिपून घ्यायला आलास तो तू एकटाच."

दगड बसवायच्या दिवशी, त्यावरचं कापड काढल्यावर गावप्रमुखांनी लुसुंगुचे आभार मानायला त्याला उभं केलं.

"वीजबीज काही पडली नाही," तो म्हणाला. "डिस्कला मीच मारलं. दोन लाख चौदा हजार वेळा निजवलं आणि उठवलं. आकडा रोज बघत होतो. पण तुम्ही वाहवा करत होता, ती सोडवेना."

तिवोंगे त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"मग माझी कोंबडी कशी घेतलीस?"

"चुकलो, ताई."

"परत आण."

"खाल्ली."

त्यातली अर्धी मी खाल्ली होती.