एक्केचाळिसावी पट्टी

अनाकलनीय अनुभवांच्या या सदरात मी लिहीन असं कोणी म्हणालं असतं, तर मी त्याचाच ईसीजी काढला असता! भूतबित, करणीबिरणी... घरी कोणी विषय काढला की मी सरळ उठून चहा टाकायला जाते. आजही जाते. पण हे एकदा सांगून टाकते.

मी यवतमाळची. हृदयाचा स्नायू आणि फुप्फुसांचे आजार यांवर संशोधन करते. कापसाची ती वाईट वर्षं चालू होती. जो तो कापूस पिकवणाऱ्यांबद्दल बोलत होता, आणि ते बरोबरच होतं म्हणा. पण जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, दिवसभर रुईची धूळ छातीत ओढणाऱ्या बायकांकडे बघायला कोणाला वेळ नव्हता. म्हणून मी नेरजवळच्या एका जिनिंगमध्ये गेले.

पुस्तकात लिहिलंय, सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी, म्हणजे सोमवारी, या कामगारांची छाती आवळते. मी सोमवार धरला. चाळीस बायका... प्रत्येकीची फुंकायची टेस्ट आणि ईसीजी. काम आटोपल्यावर त्यांची मुकादम सकीनाबी हसायला लागली.

"मॅडम, सोमवारी काहून आल्या? आमची सुट्टी बाजाराच्या दिवशी राह्यते. दम लागते तो त्याच्या दुसऱ्या दिवशी!"

सगळी मेहनत पाण्यात. स्वतःचाच असा राग आला!

दुसऱ्या दिवशी आमच्या मेडिकल कॉलेजात कागद लावायला बसले. नावं चाळीस, ईसीजीच्या पट्ट्या एक्केचाळीस. जास्तीच्या पट्टीवर नंबरच नव्हता. "एखादीची दोनदा निघाली असन," आमचा टेक्निशियन वानखडे म्हणाला. पण ती कोणाशीच जुळेना. जुन्या पेशंटची म्हणावी, तर मशीनमध्ये रोल सोमवारी सकाळीच नवा घातलेला. आणि पट्टी भयंकर होती — ठोके रुंद, ओढलेले, चौथ्यानंतर एक आगाऊ ठोका, मग लांब थांबा. हृदयाचा स्नायू पार दमला की असं दिसतं. म्हणजे नंबर टाकताना घोळ झाला असेल, तर कोणीतरी बाई मरणाच्या दारात होती, आणि मी चाळीसही जणींना "सगळं ठीक आहे" सांगून आले होते. मला अन्न गोड लागेना.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. चाळीसही जणींचे ईसीजी परत काढले. एकीचाही तसा नाही! मी सकीनाबीवर चिडलेच, "कोणी राहिलं का? नीट आठवा!"

"कोणी नाही जी... हां, शबाना आजच कामावर आली. बाळंतपणाले माहेरी गेलती, आर्णीले. तुम्ही सोमवारी आल्या तवा नव्हती ते."

शबाना रुईच्या गाठीला टेकून बसली होती. पाय सुजलेले. "धूळ आहे मॅडम... सवय मोडली ना," एवढं बोलतानाही तिला धाप लागत होती.

ईसीजी काढला. दोन्ही पट्ट्या एकावर एक धरून खिडकीच्या काचेला लावल्या. ठोक्यावर ठोका. तो चौथ्यानंतरचा आगाऊ ठोकासुद्धा! अहो, एकाच माणसाचे दोन ईसीजी लागोपाठ काढले तरी असे बसत नाहीत. आणि ही सोमवारी आर्णीत होती, याची मी नंतर तिच्या माहेरी जाऊन चार जणांना विचारून खात्री केली. 

बाळंतपणानंतर काही जणींच्या हृदयाचा स्नायू असा दुबळा पडतो. लगेच तिला आमच्या जीपमध्ये घालून यवतमाळला आणलं. वाचली पोरगी! आणखी काही दिवस धूळ धूळ करत राहिली असती तर...

दवाखान्यात तिच्या आईनं माझे दोन्ही हात धरले. "डॉक्टरबाई, तुमाले कसं समजलं वो? अल्लाह तुमाले सुखी ठेवो."  मान खाली घातली.

सहकारी म्हणतात, मोजण्यात चूक झाली. मीही हजारदा मोजून पाहिलं. दर वेळी एक्केचाळीस. पेपरात मी चाळीसच लिहिले.

पण मान खाली का घातली, ते आजवर कोणाला सांगितलं नाही. विनानावाची पट्टी बाद, हा माझाच नियम. त्या दिवशी कॉलेजात ती पट्टी नीट बघायच्या आधीच मी चुरगाळून टोपलीत टाकली होती. हात धुऊन आले, तर ती फाईलवर होती... सपाट, एक सुरकुती नाही. वानखडे आईची शपथ घेऊन सांगतो, तो जागचा उठलाच नव्हता. ती माय दुवा देत होती, आणि मी तर तिच्या लेकीला टाकून दिलं होतं.