पाठमोरा जावई

माझी वहिनी टोलोफाइना भारी हट्टी बाई. माझा भाऊ तिच्याशी वाद घालून दमला म्हणून गेला, असं मी म्हणतो. डॉक्टरांचं मत वेगळं होतं.

आमच्यात सासू-जावई एकमेकांना शिवत नाहीत, तोंडही दाखवत नाहीत. बोलायचंच झालं तर मधे भिंत लागते. नियम मोडला की हात थरथरायला लागतात. गावातल्या कासुले म्हाताऱ्याचे हात कायम थरथरतात. तो म्हणतो, वय झालं. आम्ही त्यावर काही बोलत नाही.

आता बिशपसाहेब पडले लांबचे. तिकडे म्हणे सासवा जावयाशी हात मिळवतात. मिळवोत बापड्या! पण त्यांनी आमच्या चर्चला पाळक म्हणून कोणाला पाठवावं? याफेसीला, वहिनीच्या जावयाला. वहिनीची एकुलती एक लेक नाकू बाळंतपणात गेली. त्यालाही बरीच वर्षं झाली आणि याफेसीनं गेल्या साली दुसरं लग्न केलं.

तो आल्यापासून वहिनी चर्चच्या खिडकीबाहेर चटई टाकून बसायची, प्रवचन ऐकायची आणि प्रभुभोजनाची भाकर त्याच्या हातून न घेता घरी जायची. एरवी हीच बाई मला ढकलून वेदीपुढच्या कठड्याशी पहिली गुडघे टेकायची, आणि मी तर चर्चचा कारभारी!

सुगीचा सण तोंडावर आला तशी आम्ही चर्चच्या पंचांनी बैठक बसवली. कासुले म्हणाला, "नाकू गेली, त्यानं दुसरी केली. आता कसली सासू नि कसला जावई? खुशाल घे म्हणावं त्याच्या हातनं." सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. निरोप सांगायला अर्थातच मला पाठवलं.

वहिनी हिरवी केळी सोलत बसली होती.

"वहिनी, पंचांनी तुम्हाला मोकळं केलं."

"कशातनं?"

"नात्यातनं. याफेसी आता तुमचा जावई नाही."

तिची सुरी थांबली. "भावजी, तो जावई नाही, तर नाकू त्याची कोण होती? अहो, मी दिसले की तो अजून वाट बदलतो. तेवढंच उरलंय माझ्या लेकीचं. तो आडवाटेला वळला की मला वाटतं, नाकू घरी आहे."

मी एक केळं उचललं आणि परत ठेवलं.

"मग रविवारी येऊ नका."

"येणार. आतच येणार. कठड्याशी बसणार. त्यानं समोरून हातात भाकर ठेवली, की उठून चालती होईन. पुन्हा त्या दारात पाय ठेवणार नाही. मेल्यावरसुद्धा तिथे नेऊ नका मला."

"मेल्यावर तुम्हाला कोण विचारणार आहे?"

"बघाच तुम्ही."

"याफेसीच्या कानावर घालू का?"

"खबरदार! सांगून करून घ्यायचं, तर त्यात काय राम?"

रविवारी वेदीपुढे पिकांचा ढीग लागला. केळीचे घड पानांसकट, भोपळे, फणस आणि पाय बांधलेल्या कोंबड्या. दर प्रार्थनेला कोंबड्यांनी 'आमेन'च्या आधीच गलका केला. एक बकरी कुणाचे तरी रताळ्याचे वेल खात होती. ती कोणाची, हे कोणी कबूल करेना.

वहिनी डोक्यावरून कापड ओढून आत आली आणि कठड्याच्या टोकाला गुडघे टेकून बसली. गाणाऱ्या बायकांचा सूर तिथल्या तिथे घसरला. याफेसी भाकर वाटत वाटत टोकाशी आला आणि थबकला. पुढच्या बाकावरून त्याची नवी बायको बघत होती. कासुले मान हलवून 'दे, दे' करत होता. वहिनीनं एक गुडघा उचलला. उठायच्या बेतातच होती. मी मनात म्हटलं, संपलं!

याफेसी वळला आणि सरळ पिकांच्या ढिगाकडे गेला. आम्हाला वाटलं, पळतोय. त्यानं केळीच्या पानाचा तुकडा फाडला, त्यावर भाकर ठेवली आणि पाठमोरा, उलट्या पावलांनी चालत परत आला. वाटेत भोपळ्याला अडखळला. सगळ्या चर्चसमोर सासूकडे पाठ करून त्यानं ते पान मागच्या मागे धरलं, आणि 'हे तुझ्यासाठी दिलेलं माझं शरीर' हे शब्द वेदीकडे बघून म्हटले. त्याचा हात स्थिर होता. माझाच थरथरत होता, आणि माझी सासू तर कधीच वारली.

वहिनीनं उचललेला गुडघा परत टेकला. भाकर खाल्ली, पानाची घडी करून कमरेला खोचली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "झालं मनासारखं?"

तिनं डोळे पुसले आणि माझ्यावरच खेकसली. "बघत काय उभे राहिलात, भावजी? घरी चला, माझा तो तांबडा कोंबडा धरा आधी. जावई कधीचा गावात येऊन राहिलाय, आणि सासूनं साधं जेवण धाडलं नाही. लोक काय म्हणतील!"

कोंबडा पळून पळून मला रडकुंडीला आणून मग हाती लागला. तिच्याच घरचा तो.