आठल्ये मास्तर आणि नळीतला एक शेरा

आदरणीय नारायणराव आठल्ये मास्तरांची आणि माझी पहिली ओळख मी त्यांच्या वर्गाबाहेर उभा राहून चोरून ऐकत असताना झाली. लांज्याहून गणित शिकवायला मी रत्नागिरीच्या या इंग्रजी शाळेत नुकताच रुजू झालो होतो. आत मास्तरांनी मुलांना ‘काल सदू शाळेत आला नाही’ हे साधे वाक्य इंग्रजीत करायला दिले होते. एकाने ‘फेल्ड टु कम’ असे केले, दुसऱ्याने ‘रिफ्यूज्ड टु कम’, आणि बरोबर कोण यावरून दोघांची जुंपली. मास्तरांनी दोघांनाही गुण दिले नाहीत. सदूला यायचे होते पण जमले नाही, की जमत असून तो येत नाही म्हणाला, हे तुम्हांला ठाऊक आहे का, असे त्यांनी विचारले. कोणालाच ठाऊक नव्हते. तेव्हा त्यांनी त्या दोघांना सदूच्या घरी पिटाळले आणि चौकशी केल्याशिवाय भाषांतर करायचे नाही अशी ताकीद दिली.

मला हा निव्वळ वेळेचा अपव्यय वाटला, आणि तसे मी त्यांना मधल्या सुट्टीत सांगितलेही. ते हसले. मराठीत ‘आला नाही’ म्हटले की आपण सुटतो, इंग्रजीत साधे ‘डिड नॉट कम’ सोडून हे शब्द घेतले की त्या माणसाच्या मनात काय होते ते सांगावे लागते, आणि ते न विचारता सांगणे म्हणजे चहाडी, असे त्यांचे म्हणणे होते. बेचाळीस मुलांच्या वर्गात हे तत्त्व ते रोज पाळत. त्यामुळे त्यांचा अभ्यासक्रम कधी वेळेवर संपला नाही. निकाल मात्र चांगले लागत, याचा मला गणिताचा शिक्षक म्हणून आजही उलगडा झालेला नाही.

त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथाच्या समितीने मला प्रेमाने सुचवले आहे की लेखात त्यांची विद्वत्ता, साधी राहणी आणि विद्यार्थिप्रेम यावे, ‘ते जुने प्रकरण’ येऊ नये. सूचना पोहोचली. मी ती पाळणार नाही. ते प्रकरण वगळून मास्तरांचा गौरव करायचा तर त्यांच्या धोतराच्या शुभ्रपणावर लिहावे लागेल.

मालगुंडचा गोविंद मयेकर आगबोटीवर खलाशी होता. खलाशाच्या नोकरीची नोंदवही पत्र्याच्या नळीत ठेवतात, म्हणून आमच्या किनाऱ्यावर त्या वहीलाच नळी म्हणतात. नळी स्वच्छ असेल तर बोट मिळते, डाग पडला की माणूस जन्माचा घरी बसतो. गोविंदाच्या नळीत शेरा होता, ‘रिफ्यूज्ड टु जॉइन’. एडन बंदरातून बोट सुटली तेव्हा तो बोटीवर नव्हता, इस्पितळात तापाने पडला होता. इस्पितळाची चिठ्ठी त्याच नळीत गुंडाळलेली होती आणि तिच्यावर बोट सुटल्याचाच दिवस होता. मुंबईच्या कचेरीतल्या कारकुनाने त्याला सांगितले की दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, माणूस आला नाही.

ही नळी घेऊन तो शाळेत आला. आम्ही सगळे त्याला ‘अरे गोविंदा’ म्हणत होतो. मास्तरांनी त्याला खुर्ची दिली आणि म्हणाले, “बसा मयेकर. काय झालं ते तुम्ही सांगा.”

गोविंदा अवघडून बसला. “मास्तर, मी येत नाय असं कधी बोललोच नाय. मला शुद्धच नव्हती, तर नाय बोलणार कोण?”

एवढ्यावर मास्तरांनी पत्र लिहिले नाही. पुढच्या रविवारी मला बरोबर घेऊन तरीतून खाडी ओलांडून ते पायी मालगुंडला गेले आणि गोविंदाबरोबर त्याच बोटीवर असलेल्या दोघा खलाशांना भेटून आले. तिथे एक गंमत झाली. शेरा बदलून ‘फेल्ड’ करून घेणार, असे ऐकताच गोविंदाची आई बिथरली. “आमचा गोविंद शाळेतच गेला नाय, तो नापास कसा व्हईल?” मास्तरांनी ओटीवर बसून त्या माउलीला दोन शब्दांतला फरक समजावला. मॅट्रिकच्या मुलांनासुद्धा तो इतका चांगला समजावलेला मी ऐकला नाही.

मग बोटीच्या कंपनीला पत्रे सुरू झाली. दर पंधरवड्याला एक. त्यांत लाचारीचे एक वाक्य नसे. कंपनीचे म्हणणे असे की प्रकरण बंद झाले आहे, आणि मास्तरांचे असे की ते तुमच्याकडे बंद झाले असेल. आमच्या संस्थेच्या एका आश्रयदात्यांचा त्या कंपनीशी घरोबा होता. त्यांचे नाव घालून मी या ग्रंथाची शोभा वाढवत नाही. मास्तरांनी पत्रे मागे घ्यावीत, आपली माहिती चुकीची होती असे एका ओळीत लिहून द्यावे, अशी त्यांनी संस्थेकडे मागणी केली. हेडमास्तर निवृत्त होणार होते आणि ती जागा मास्तरांना मिळणार हे सर्वांना ठाऊक होते.

कार्यकारी मंडळाची बैठक दुपारी भरली. माझे अक्षर चांगले, म्हणून इतिवृत्त मी लिहीत होतो, अर्थात इंग्रजीत. मास्तरांनी ओळ लिहून दिली नाही. अध्यक्ष मनाने चांगले होते. त्यांनी वाट काढली आणि मला सांगितले की ‘फेल्ड टु विथड्रॉ’ असे लिहा, समज देऊन विषय संपवू. सगळ्यांना हायसे वाटले, सर्वांत जास्त मला. मास्तरांनी वही मागून घेतली, वाचली, आणि माझ्यापुढे परत ठेवली.

“जोशी, यात एक शब्द चुकला आहे. मी आजारी नाही, कुठे अडकलेलो नाही. कागद आणि दौत समोर आहे. मला जमत असून मी लिहीत नाही. तिथे ‘रिफ्यूज्ड’ लिहा.”

त्या शब्दाचा अर्थ आज्ञाभंग होतो आणि मग हेडमास्तरकी विसरावी लागेल, असे अध्यक्षांनी त्यांना अगदी कळकळीने सांगितले.

“ठाऊक आहे,” मास्तर म्हणाले. “पण सोयीसाठी मीच खोटा शब्द घेतला, तर मयेकरांचा खोटा शब्द बदला असं कोणत्या तोंडाने म्हणू?”

मी शब्द खोडला आणि ते सांगत होते तो लिहिला. मला त्या क्षणी त्यांचा रागच आला होता. हातातोंडाशी आलेले घालवणारा हा कसला हट्टी माणूस, असे वाटले.

कंपनीने चूक कबूल केली नाही. वर्षभराने गोविंदाला गुपचूप नवी नळी मिळाली, तिच्यात कसलाच शेरा नव्हता. तो पुन्हा बोटीवर गेला. मास्तर तेवढ्यावर खूश नव्हते. शब्द बदला म्हटले होते, लपवा म्हटले नव्हते, असे पत्र त्यांनी पुन्हा धाडलेच.

हेडमास्तरची जागा मास्तरांना मिळाली नाही. ती त्यांच्याहून नऊ वर्षांनी लहान असलेल्या एका शिक्षकाला दिली. तो शिक्षक मी. त्या संध्याकाळी मास्तर स्वतः माझ्या बिऱ्हाडी नारळ घेऊन आले. हुकूम द्या, पाळीन, चुकीचा असला तर तोंडावर सांगेन, असे म्हणाले. तेव्हापासून त्यांनी दोन्ही गोष्टी केल्या, आणि त्या खुर्चीचा विषय एकदाही काढला नाही.

ती जागा मी नाकारायला हवी होती. तशी इच्छा होती, धीर झाला नाही. माझ्या नावापुढे कोणी शेरा मारलाच तर ‘फेल्ड’ मारावा. चौकशी करण्याची गरज नाही, मीच सांगतो आहे.

समितीने हा लेख छापायचे नाकारले तर तसे स्वच्छ शब्दांत कळवावे, जागेअभावी जमले नाही असे लिहू नये. मास्तरांना परमेश्वर निरोगी, उदंड आयुष्य देवो, त्यांची पत्रे अशीच जात राहोत, आणि ज्यांना ती नकोशी वाटतात त्यांनाही ती वाचण्यापुरते दीर्घायुष्य लाभो.